मिरची खालून पिवळी, लिंबू वरून पिवळं: दोघांना एकच औषध कसं चालेल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गफलत झाली असेल तर कळेल. पुण्यात सहाव्या मजल्यावर पूर्वेकडची बाल्कनी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दहा मिरच्या, दोन कागदी लिंबं आणि एक मोगरा लावला. मिश्रण सगळ्यांना एकच: लाल माती, कोकोपीट आणि शेणखत समसमान. रोज सकाळी प्रत्येकी एक तांब्या पाणी, दर आठवड्याला कुंडीत १९:१९:१९ या नत्र-स्फुरद-पालाश खताचा एक चमचा, आणि मध्यंतरी कुणीतरी सांगितलं म्हणून दोनदा एप्सम सॉल्ट. आता सहा आठवड्यांनी चार मिरच्या झक्कास आहेत, चार खालून पिवळ्या पडून थांबल्यात, एक हिरवीगार पण वीतभरच राहिली आहे, एकीची पानं मुडपली आहेत. लिंबांची नवी पालवी पिवळी येते. तुम्ही विचारलंत, "नेमकं कोणतं खत कमी पडतंय?"

माझ्या मते खत कमी पडत नाहीये, उलट जास्त झालंय. पण तो हिशेब नंतर. सगळ्यांना एकच माती, एकच पाणी आणि एकच खत दिलंत, तरी रोपं वेगवेगळी का वाढली, हा यातला खरा प्रश्न आहे. तुम्हाला या असमान वाढीचा वैताग आलाय, मला मात्र तिचा आनंद झाला. दहाच्या दहा पिवळी पडली असती तर मी अंधारात चाचपडत बसलो असतो. चार चांगली आणि चार वाईट रोपं शेजारी शेजारी उभी आहेत म्हटल्यावर दोघांत काय वेगळं आहे एवढंच शोधायचं.

ते तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय, तेही कंसात, जाता जाता: "खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात म्हणून रेलिंगजवळच्या कुंड्यांना ताटल्या ठेवल्यात, भिंतीजवळच्यांना नाहीत." अख्ख्या प्रश्नात माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. पिवळ्या पडलेल्या चारही मिरच्या रेलिंगजवळच्या आहेत. तिथं पावसाची झड येते, वरून तुमचा रोजचा तांब्या, आणि खाली ताटलीत पाणी साचलेलं. रेलिंगजवळचीच पाचवी मात्र ठणठणीत आहे. फोटो मोठा करून पाहिला तर ती जुन्या मातीच्या कुंडीत दिसते, बाकीच्या चार प्लास्टिकच्या. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, प्लास्टिकची सोडत नाही. मी न्यायाधीश असतो तर निकाल इथंच दिला असता. पण रोपांच्या बाबतीत मुळं पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलोय.

उरुळी कांचनजवळ आमची रोपवाटिका आहे. काही वर्षांपूर्वी एका हंगामात स्वस्तात मिळालं म्हणून मी नव्या ठिकाणाहून कोकोपीट आणलं आणि मिरचीचे शंभरएक ट्रे भरले. तिसऱ्या आठवड्यात रोपं फिकी पडायला लागली. मी ठरवून टाकलं की नत्र कमी आहे, आणि युरियाचं पाणी दिलं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग आणखी पातळ करून पुन्हा दिलं! आमच्याकडे ट्रे भरायला येणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांनी एक रोप उपसलं, मुळांची टोकं पाहिली, कोकोपीट पिळून पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "खारट हाय दादा." नारळाच्या भुशात मुळातच पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार भरपूर असतात. नीट धुतलेला नसेल तर मुळं त्यातच होरपळतात. वरून युरिया ओतून मी त्यात भरच घालत होतो. तेव्हापासून पान पिवळं दिसलं की आधी रोप उपसायचं, खताचा डबा नंतर. (चाखून बघा असं मात्र सांगणार नाही. शेणखत घातलेल्या मातीत तर अजिबात नको.)

आता पानांबद्दल. पिवळेपणा किती आहे त्यापेक्षा कोणत्या पानांपासून सुरू झाला हे आधी पाहावं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही चार द्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानात नेता येतात. घरात धान्य कमी पडलं की मोठी माणसं अर्धपोटी राहतात आणि पोरांच्या ताटात वाढतात, तसं झाड जुन्या पानांतलं काढून शेंड्याला देतं. म्हणून यांची टंचाई खालच्या पानांवर आधी दिसते. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन यांना ती सोय नाही. लोह एकदा पानात बसलं की सहसा तिथंच राहतं, त्यामुळे ते मिळेनासं झालं की नवी पालवीच पिवळी जन्मते आणि जुनी पानं हिरवी राहतात. म्हणजे तुमच्या मिरचीचा आणि लिंबाचा आजार सकृद्दर्शनी वेगळा आहे. एकीचं खालचं पान पिवळं, दुसऱ्याचं वरचं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मॅग्नेशियम कमी पडलं तर लिंबाच्या जुन्या पानावर देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकीचं पान पिवळं होतं. तुमच्या लिंबाला तसं काहीच नाही. तिथं एप्सम म्हणजे डोकं दुखतंय आणि गुडघ्याला बाम लावला.

पण मिरचीची खालची पानं पिवळी म्हणजे नत्र कमीच, असंही धरू नका. मुळं गुदमरली तरी नेमकं असंच दिसतं, कारण मातीत नत्र असूनही मुळाला ते उचलता येत नाही. म्हणून हिशेब बघा. एक चहाचा चमचा १९:१९:१९ म्हणजे साधारण पाच ग्रॅम. सहा आठवड्यांत कुंडीत तीस ग्रॅम गेलं. दहा इंची कुंडीत माती मावते आठ-नऊ लिटर. मी स्वतः एवढ्या रोपाला लिटरभर पाण्यात एक ग्रॅम विरघळवून आठवड्यातून एकदा देतो, आणि तेही रोपाने जीव धरल्यावर. म्हणजे तुम्ही माझ्या पाचपट दिलंत. त्यात नत्र आहेच, शेणखताचं वेगळं. या रोपाची उपासमार होत असेल तर ती भरल्या ताटासमोर होतेय.

मुळं गुदमरतात कशी हे नीट समजून घ्या, कारण "पाण्याचा निचरा चांगला ठेवा" असं सगळेच सांगतात आणि सांगून मोकळे होतात. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, फक्त उंची बदलली. कुंडीतही तसंच असतं. पाणी घालून निथळल्यानंतरसुद्धा तळाचा काही भाग गच्च भिजलेलाच राहतो, आणि मिश्रण जितकं बारीक तितका तो थर जाड. तळाशी खडे घातल्याने तो थर जात नाही, खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांची जागा आणखी कमी होते. भोकावर एक खापरी ठेवावी ती माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढंच तिचं काम. आता अशा कुंडीखाली पाण्याने भरलेली ताटली ठेवली तर तळ कधी निथळणारच नाही.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे, वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, मूठ केली तर ढेकूळ होतं पण बोटाने टोचलं की फुटतं, हाताला चिखल लागत नाही, ती अवस्था. पांढरी मुळी वाफशात चालते, चिखलात चालत नाही. रोज सकाळी एक तांब्या हा नियम घड्याळाकडे बघून केलेला आहे. एप्रिलमध्ये तो तांब्या कमी पडेल, पण पावसाळ्यात ढगाळ हवेत आठवडाभर ऊन नसताना लहान रोप ते पाणी पिणार कधी? आमच्याकडे पाणी देणाऱ्या मुलाला मी एवढंच शिकवतो: कुंडी एका हाताने तिरकी करून वजन बघ. जड असेल तर पुढे जा. मोठी कुंडी उचलवत नसेल तर बांबूची पातळ काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. काडी ओली आणि मातीने माखलेली निघाली तर पाणी नको.

तर आज काय करायचं? ताटल्या काढा. खालच्यांच्या कपड्यांची अडचण खरी आहे, म्हणून ताटली राहू दे, पण तिच्यात विटेचे तीन तुकडे ठेवून त्यावर कुंडी ठेवा आणि पाणी साचलं की ओतून टाका. मग संध्याकाळी दोन रोपं उपसा, सगळ्यात वाईट दिसणारं एक आणि भिंतीजवळचं सगळ्यात चांगलं एक. चांगलं रोप उपसायला जीव होत नाही, माहीत आहे. पण वाटीतून भाताची मूद काढतात तसं हलकेच, कुंडी आडवी करून, कडा थोपटून मातीसकट सरकवलं आणि परत तसंच बसवलं तर मिरचीला कळतही नाही. दोन्ही गोळे शेजारी ठेवून बघा.

वाईट रोपाची मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर असतील आणि फक्त तळातली काळपट असतील तर बचावलात. ते रोप आहे तिथंच बसवा, वाफसा येईपर्यंत पाणी बंद, खत दोन आठवडे बंद. मुळं तपकिरी असतील, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निसटून आत दोऱ्यासारखा धागा उरत असेल, आणि मातीला गटारासारखा वास येत असेल, तर ती मूळकूज. मग सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने काढा, फुलं आणि कळ्या खुडा आणि रोप नव्या मिश्रणात पाच-सहा इंची लहान कुंडीत लावा. हे ऐकून लोक बिचकतात. आजारी रोपाला मोठी जागा द्यावी असं वाटतं. पण मुळं थोडी आणि माती भरपूर असली की त्या मातीतलं पाणी कुणी उचलत नाही, ती दिवसेंदिवस ओली राहते. लहान कुंडी लवकर सुकते, म्हणजे वाफसा लवकर येतो. महिनाभराने मुळं कडेला दिसली की दहा इंची द्या.

ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकुजीला आवरणारी उपयोगी बुरशी, घालू का, असं पुढे विचाराल. घाला, मीही घालतो. पण ताटली काढली नाही तर ट्रायकोडर्मासुद्धा बुडेल.

मिश्रणाबद्दल. तुमचं एकास एकास एक हे कागदावर चांगलं दिसतं, पण त्यात दोन-तृतीयांश भाग पाणी धरणारा आहे. पावसाळ्यात मी कुंडीला दहा भागांत माती चार भाग, धुतलेलं कोकोपीट दोन ते तीन भाग, मुरलेलं खत दोन भाग आणि उरलेलं भाताचं तूस किंवा विटेचा जाडसर चुरा असं भरतो. प्रमाण दगडावरची रेघ नव्हे. कोकणात उतरलात आणि हाताशी जांभ्याची माती असेल तर ती मुळातच मोकळी असते, तूस कमी चालेल. सोलापूर-लातूरकडची काळी माती असेल तर मी ती कुंडीत फार घालतच नाही. ओली असताना ती फुगून भोकं बुजवते आणि सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटते. मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

शेणखत कितपत मुरलेलं होतं? तुम्ही लिहिलंय की लावल्यापासून माती दोन-अडीच इंच खाली बसली. काही माती दाबली जाऊन बसतेच, पण एवढी बसली म्हणजे मला शंका येते की खत अजून कुजतंय. खतात काडी-काटका ओळखू येत असेल किंवा शेणाचा वास येत असेल, तर ते कच्चं. ते कुजताना त्यातले जीवाणू नत्र स्वतःच वापरतात आणि रोपाला थांबवतात, शिवाय ऑक्सिजनही ओढतात. अशा खतातून पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या जाड अळ्याही येतात. उपसताना दिसल्या तर वेचून टाका, कारण त्यांतल्या हुमणीसारख्या काही मुळं खातात.

आता त्या हिरव्यागार पण वीतभर मिरचीकडे येऊ. पानांचा रंग चांगला आहे म्हणजे मुळाला अन्न मिळतंय, तरी वाढ नाही. असं रोप बहुतेक वेळा ट्रेमध्येच म्हातारं झालेलं असतं. मिरचीचं रोप साधारण पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांचं असताना लावावं. ट्रेमध्ये त्याहून जास्त राहिलं तर मुळं त्या इवल्या खणात गोल गोल फिरून चुंबळ करतात, खोड बाहेरून लाकडासारखं होतं, कधी ट्रेमध्येच कळी येते. अशी रोपं आम्ही विकू नयेत. पण गिऱ्हाईक आलं आणि ट्रे उरलाय म्हटल्यावर बाजारात विकली जातात, हेही खरं. त्याला उपसून मुळांची चुंबळ बोटांनी खालून सैल करा आणि पहिली फुलं खुडा. तीन आठवड्यांत नवा फुटवा आला तर ठेवा. नाहीतर मी ते काढून नवं रोप लावेन. पाच रुपयांच्या रोपासाठी दहा इंची कुंडी हंगामभर अडवण्यात अर्थ नाही.

मुडपलेल्या पानांच्या मिरचीचा पिवळेपणाशी संबंध नाही. तिचं एक शेंड्याचं पान पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर किंवा काळपट, दोऱ्याच्या तुकड्यासारखे कीटक पळताना दिसले तर ते फुलकिडे, आणि त्यांच्यामुळे पानांच्या कडा वर वळून वाटीसारख्या होतात. पानं खाली वळून लांबट, जाडसर झाली असतील तर कोळी (माइट) ही कीड, पण मिरचीवरचा हा कोळी इतका बारीक की भिंगाशिवाय दिसणार नाही. फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूनेही, पाच-सहा दिवसांनी दोन-तीनदा फवारा. त्यानंतरही नवी पानं मुडपलेलीच आणि बारीक येत असतील तर तो विषाणूचा चुरडामुरडा. त्याला औषध नाही. ते रोप पिशवीत घालून टाकून द्या, पांढरी माशी ते शेजारच्या नऊ मिरच्यांना पोचवायच्या आधी.

लिंबाचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात माझी खात्री थोडी कमी आहे, कारण ते तुमच्या पाण्यावर अवलंबून आहे. आधी एक गोष्ट तपासा. लिंबाची कोवळी पालवी नेहमीच पोपटी असते, आणि ती गडद व्हायला काही आठवडे लागतात. पान पूर्ण आकाराचं होऊन हाताला टणक लागल्यावरही पिवळं असेल तरच काळजी करायची. त्या टणक पानात शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जाळीसारखी, दोन्ही बाजूंना सारखी असेल तर लोह. पानं बारीक, टोकदार, पेरं आखूड आणि पिवळे ठिपकेदार पट्टे असतील तर जस्तही कमी आहे. दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं. पण मधल्या शिरेच्या एका बाजूला एक नक्षी आणि दुसऱ्या बाजूला वेगळीच, असे विस्कटलेले डाग असतील तर मला पुन्हा लिहा, कारण तो ग्रीनिंग नावाचा रोग असू शकतो आणि मग बोलणं बदलेल.

तुमच्या फोटोतली पानं मला लोहाचीच वाटतात. उसाच्या पट्ट्यात चुनखडीच्या रानात ऊस असाच पिवळा-पांढरा पडतो, त्याला शेतकरी "केवडा पडला" म्हणतात. गंमत अशी की त्या जमिनीत लोह भरपूर असतं. आपली दख्खनची माती बेसाल्टची, लोहाची कमतरता कशी असेल? पण मातीचा सामू (पी.एच.) साडेसातच्या वर गेला की लोह विरघळत नाही, मुळासमोर असून नसल्यासारखं. आणि अशा मातीत पाणी साचलं की हे आणखी बळावतं. म्हणजे मिरची आणि लिंबू दोघांच्या मुळाशी शेवटी थोडंफार तेच दुखणं निघायची शक्यता आहे: नको तितकं पाणी. फरक इतकाच की लिंबाला त्या पाण्याची जातही नडते.

ती जात कशी ओळखायची? कुंडीच्या काठावर, ताटलीत, बादलीत पांढरा थर साचतोय का बघा. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, त्याने असा थर सहसा येत नाही. तुमच्या सोसायटीला बोअरवेल आणि टँकर आहे असं तुम्ही म्हणालात. ते पाणी जड असतं, त्यातल्या बायकार्बोनेटने कुंडीतला सामू पाण्यागणिक चढत जातो. दुसरं म्हणजे सुकलेल्या मातीच्या चमचाभर ढेकळावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीतच चुना आहे. "लाल माती" म्हणून पुण्यात जे विकलं जातं ते दर वेळी कोकणातलं आम्ल जांभ्याचं असेलच असं नाही, कित्येकदा तो जवळच्या टेकडीचा मुरूम असतो. तिसरं, सोसायटीत पाणी मऊ करायचं यंत्र बसवलंय का, हे वॉचमनला नव्हे, सेक्रेटरींना विचारा. त्यात मिठाच्या गोण्या घालतात तो प्रकार असेल तर त्यात कॅल्शियम काढून सोडियम घातलेला असतो. फरशीला डाग पडत नाहीत, पण कुंडीतलं झाड त्यावर नीट जगत नाही.

लिंबावर उपाय करताना क्रम पाळा. पहिल्यांदा निचरा, मिरचीसारखाच. दुसरं, पाऊस आहे तोवर पावसाचं पाणी बादल्यांत धरा आणि लिंबाला तेच द्या. याहून स्वस्त आणि चांगलं औषध मला माहीत नाही. तिसरं, लोह. कृषी सेवा केंद्रात "चिलेटेड आयर्न" मागितलं की बहुतेकदा बारा टक्केवालं पुढे करतात, ते ई.डी.टी.ए. असतं. फवारणीला ठीक, पण चुनखडीच्या मातीत घातलं तर टिकत नाही. मातीत घालायला सहा टक्क्यांचं ई.डी.डी.एच.ए. मागा. महाग असतं, पण कुंडीला दीड-दोन ग्रॅम लिटरभर पाण्यातून पुरतं. पाणी कोकमाच्या आगळासारखं लाल होतं आणि फरशीवर सांडलं तर डाग जाता जात नाही, तेव्हा बाल्कनीत जुनं वर्तमानपत्र अंथरा. आमच्या घरी ओट्याशेजारी असा एक डाग आहे, त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त आहे. पण चुनखडीच्या मातीत टाकलं की लगेच तांबूस गंज होऊन बसतं. ते वापरायचं तर फवारणीतून: लिटरला दोन-तीन ग्रॅम, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर, ताजं करून. पानांवर आधी हिरवे ठिपके उमटतील, ते योग्य आहे. ताकात गंजलेले खिळे भिजवून घालणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यातून थोडा गुण येतो हेही पाहिलंय, पण बाल्कनीत त्याला वास येतो, मुंग्या येतात. अंड्याची टरफलं मात्र घालू नका. तो चुनाच आहे, आणि चुन्याचीच तर तक्रार आहे.

लिंबाबद्दल आणखी एक शंका. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून आपल्याकडे ट्रक भरभरून रोपं येतात, आणि त्यांच्या मुळांभोवती प्रवासात फुटू नये म्हणून चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच हलक्या मिश्रणात ठेवला की दोन वेगळ्या दुनिया एका कुंडीत नांदतात: बाहेर भुसभुशीत, आत वीट. पाणी बाहेरून निघून जातं किंवा गोळ्यातच अडकतं. पिशवी काढताना गोळा तसाच ठेवला होतात का? तसं असेल तर आत्ता छेडू नका. पालवी येत असताना मुळं दुखावली तर रोप पानं टाकेल. ही पालवी टणक झाली की गोळा पाण्यात भिजवून बाहेरची बोटभर माती सैल करा आणि मग लावा.

एवढं सगळं एकदम करायला जाल तर काय लागू पडलं ते कळणार नाही, म्हणून या पहिल्या आठवड्यात फक्त हे: ताटल्या, वजन बघून पाणी, खत पूर्ण बंद, दोन रोपांची मुळं. व्हिनेगरची चाचणी जमल्यास. लोह दुसऱ्या आठवड्यात. भिंतीजवळच्या तीन चांगल्या मिरच्यांना आणि मातीच्या कुंडीतल्या चौथीला काहीच करू नका, फक्त चमचा थांबवा आणि महिन्याने लिटरला एक ग्रॅमने सुरू करा. मधे एखादा उघडीपीचा दिवस मिळाला तर त्यांना भरपूर पाणी घालून तळातून निथळू द्या, साचलेले क्षार वाहून जातील. रेलिंगजवळच्या आजारी चौघींना हे धुणं नको, त्या आधीच बुडाल्यात.

मिरचीची पिवळी पडलेली खालची पानं पुन्हा हिरवी व्हायची वाट बघू नका, ती गळतील. रोज सकाळी तीच निरखत बसलात तर दोन आठवड्यांनी तुम्हाला वाटेल की काही फरकच पडला नाही. शेंड्याजवळच्या एका पानाच्या देठाला लाल दोरा बांधा. त्या दोऱ्याच्या वर येणारी पानं कशी आहेत तेवढंच बघा.

मोगऱ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत की "तोही जरा फिका आहे". मोगरा पावसाळ्यात ढगाळ हवेत फिका दिसतोच, आणि लोहाच्या बाबतीत तोही लिंबासारखाच नाजूक. त्याची कुंडी रेलिंगजवळ आहे की भिंतीजवळ, ताटली आहे की नाही, हे लिहायचं राहिलं बघा. ते कळवा, आणि उपसलेल्या दोन मिरच्यांच्या मुळांचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. फ्लॅशमध्ये सगळीच मुळं पांढरी दिसतात.